पडद्यामागची नको ती वाढ

डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची एक जागा आहे. तिथं एकही रक्तवाहिनी नाही. वर्तमानपत्रातलं बारीक अक्षर, तांदळातला खडा, सुईचं नेढं, समोरून येणाऱ्याचा चेहरा, हे सगळं नीट दिसतं ते या जागेच्या आणि तिच्या लगतच्या भागाच्या जोरावर. प्रकाश पेशींवर थेट पडावा, वाटेत रक्तवाहिन्यांची आडकाठी नसावी, अशी तिथली रचना आहे. पण प्रकाश टिपणाऱ्या या पेशींना प्राणवायू आणि अन्न मात्र भरपूर लागतं. ती गरज पाठीमागून भागवली जाते. पडद्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर आहे, आणि वजनाच्या मानानं त्यातून वाहणारं रक्त शरीरातल्या बहुतेक अवयवांपेक्षा जास्त असतं. रक्त जवळ हवं, पण पडद्यात घुसलेलं नको, असा हा तोल. उतारवयात तो बिघडला आणि मागच्या रक्तवाहिन्या पुढं सरकल्या, की जो आजार होतो त्याच्याविषयी हे पुस्तक आहे.

पडद्याच्या या मधल्या भागाला मॅक्युला म्हणतात. वयाबरोबर होणाऱ्या त्याच्या ऱ्हासाला डॉक्टर मंडळी 'एएमडी' म्हणतात. त्याचे दोन प्रकार, कोरडा आणि ओला. बहुसंख्य रुग्णांना कोरडा प्रकार असतो, आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू पुढं जातो. ओला प्रकार शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच होतो, पण एएमडीमुळं नजर गंभीरपणे गमावलेल्यांमध्ये मोठा वाटा त्याचाच आहे. तो वर्षांच्या नव्हे, आठवड्यांच्या हिशेबानं वाढतो. जगभरात २०२० साली एएमडीचे सुमारे १९ कोटी ६० लाख रुग्ण असतील आणि २०४० पर्यंत ही संख्या २८ कोटी ८० लाखांवर जाईल, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला होता. आपल्याकडं माणसं आता जास्त जगतात. ज्या वयात हा आजार गाठतो, त्या वयापर्यंत आपल्या घरांतले आई-वडील, आजी-आजोबा आता सर्रास पोचतात.

पुस्तक लिहिण्यामागं मात्र आकडे नाहीत. ओपीडीत वारंवार दिसणारी एक गोष्ट आहे. रुग्ण येतो, तपासणी होते, डोळ्यात तीन महिने तीन इंजेक्शनं होतात, नजर सुधारते, आणि मग तो येत नाही. आठ-दहा महिन्यांनी येतो तेव्हा पडद्यावर व्रण झालेला असतो. विचारलं तर म्हणतो, "तीनचा कोर्स पूर्ण केला होता ना, साहेब." त्यानं हयगय केली असं मी म्हणणार नाही. तीन इंजेक्शनं म्हटल्यावर कोर्स संपला असं कुणालाही वाटेल. आतमध्ये काय चाललं आहे आणि औषध नेमकं काय करतं, हे त्याला कुणी बसून सांगितलेलं नसतं. या आजाराची यंत्रणा समजणं हा उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुढं थोडं खोलात जातो. वाचकानं कंटाळा करू नये.

कोरॉइड आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी यांच्यामध्ये दोन पातळ थर आहेत. एक, रंगद्रव्यानं भरलेल्या गडद पेशींचा. हा थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो. दुसरा, त्याच्याखालचा ब्रुखचा पडदा. कार्ल ब्रुख या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८४४ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्याची जाडी काही मायक्रॉनच भरते. गडद पेशींचं काम अफाट आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपली टोकं टाकून देतात आणि नवी वाढवतात. ती टाकलेली टोकं गिळून पचवण्याचं काम या गडद पेशींकडं. एकेका गडद पेशीवर प्रकाश टिपणाऱ्या अनेक पेशींचा भार असतो. आणि सर्वसाधारणपणे या गडद पेशी मोठेपणी विभागत नाहीत. तारुण्यात ज्या होत्या त्यांनीच सत्तरीतही तेच काम करायचं असतं.

इतक्या वर्षांत न पचलेला मळ साचतो. ब्रुखच्या पडद्यात चरबी मुरते, तो जाडसर होतो, अन्न इकडं येणं आणि कचरा तिकडं जाणं दोन्ही अवघड होतं. दोन थरांच्या मध्ये पिवळसर गोळे जमतात. डोळ्याच्या तपासणीत ते ठिपक्यांसारखे दिसतात आणि त्यांना ड्रुसेन म्हणतात. थोडे बारीक ठिपके वयोवृद्धांत सहज आढळतात, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. मोठे आणि मऊ ठिपके असतील तर मात्र लक्ष ठेवावं लागतं. या साचलेल्या मळाभोवती शरीराची संरक्षणयंत्रणाही खवळते. २००५ मध्ये संशोधकांच्या वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमारास दाखवून दिलं, की या यंत्रणेला आवर घालणाऱ्या 'कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच' नावाच्या प्रथिनाच्या जनुकात ठरावीक फरक असेल, तर एएमडीचा धोका बराच वाढतो. घरात आई किंवा वडिलांना हा आजार होता का, असं डॉक्टर विचारतात ते म्हणूनच. धूम्रपानाचा प्रश्नही त्याच्याच जोडीला येतो. आपल्याला बदलता येणाऱ्या कारणांमध्ये विडी-सिगारेट पहिल्या क्रमांकावर आहे.

उपासमार आणि दाह यांच्या कचाट्यात सापडलेल्या पेशी मदत मागतात. त्यांची हाक म्हणजे एक प्रथिन: व्हीईजीएफ. ते जवळच्या रक्तवाहिन्यांना सांगतं, इकडं वाढा. यात काहीही वावगं नाही. गर्भात अवयव घडतात ते याच्याच आधारानं, जखम भरते तीही. निरोगी डोळ्यातल्या गडद पेशीही थोडं व्हीईजीएफ रोज तयार करतात, कारण कोरॉइडच्या केशवाहिन्या त्यावर टिकून असतात. हा परका जंतू नाही, गाठ नाही. शरीराची नेहमीची डागडुजी जिथं व्हायला नको तिथं सुरू होते, हा या आजाराचा गाभा.

जुन्या वाड्याच्या भिंतीला तडा गेला की त्यातून पिंपळ फुटतो, तशा कोरॉइडच्या रक्तवाहिन्या ब्रुखच्या जीर्ण पडद्यातून वर येतात. काही गडद पेशींच्या थराखालीच पसरतात, काही तो थर ओलांडून थेट पडद्याखाली जातात. तिसऱ्या प्रकारात तर वाढ उलट दिशेनं, पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांपासून सुरू होते. भारतासह आशियातल्या रुग्णांत आणखी एक प्रकार बऱ्यापैकी आढळतो. त्यात या वाहिन्यांच्या टोकांना फुगे येतात, आणि ते फुटले तर एका रात्रीत मोठा रक्तस्राव होतो. या प्रकाराला वेगळी तपासणी आणि कधी वेगळा उपचार लागतो. त्यासाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, इथं फक्त उल्लेख करतो.

घाईघाईनं फुटलेल्या या वाहिन्या कच्च्या असतात. त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतं, कधी रक्त येतं. पडदा जागचा उचलला जातो. त्यातल्या पेशींची रांग वाकडी होते आणि म्हणून समोरची सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट मध्येच पोट काढते, खिडकीचे गज लाटेसारखे होतात, वहीची ओळ मध्यावर खचते. पुढं मधोमध धूसर डाग येतो. उपचार झाला नाही तर शेवटी तिथं व्रण तयार होतो, आणि व्रणाच्या जागी मेलेल्या पेशी परत आणण्याचं औषध नाही. कडेची नजर राहते, माणूस घरात वावरतो, पण नातवाचा चेहरा त्याला दिसत नाही.

हे सगळं कळायला वैद्यकाला जवळजवळ शतक लागलं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या हॅरोल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड अल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंडाच्या शिरेत फ्लुरोसीन हा चमकणारा रंग सोडून पडद्यातल्या रक्तप्रवाहाचे फोटो काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६७ मध्ये डोनाल्ड गॅस यांनी त्या तंत्राच्या आधारे मॅक्युलाखालच्या या वाहिन्यांचं चित्र स्पष्ट केलं. रोग दिसू लागला, पण हातात काही नव्हतं. १९८० च्या दशकात लेझरनं वाहिन्या जाळण्याची पद्धत रूढ झाली. त्यानं वाहिन्यांबरोबर वरचा पडदाही जळायचा, आणि वाहिनी मध्याखाली असेल तर लेझर मारणं म्हणजे आजार जे करणार तेच आपण आज करणं. २००० मध्ये व्हर्टेपॉर्फिन हे औषध शिरेतून देऊन त्यावर थंड लेझर टाकण्याचा उपचार आला. त्यानं घसरण मंदावली, पण गेलेली नजर क्वचितच परत यायची.

खरा धागा दुसरीकडंच विणला जात होता. १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन यांनी अंदाज मांडला होता, की प्राणवायू कमी पडलेला पडदा कुठलातरी पसरणारा पदार्थ सोडत असावा आणि त्यामुळं रक्तवाहिन्या वाढत असाव्यात. त्या अनोळखी पदार्थाला पुढं 'फॅक्टर एक्स' म्हणू लागले. १९७१ मध्ये बॉस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी मांडलं, की कर्करोगाची गाठ नव्या रक्तवाहिन्यांवर पोसली जाते, तेव्हा त्या वाहिन्याच रोखल्या तर गाठही रोखता येईल. त्या काळात फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरोल्ड ड्वोरॅक यांना गाठींतून रक्तवाहिन्यांना झिरपायला लावणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ घडवणारं प्रथिन वेगळं काढलं. आणि मग उलगडलं, की ही दोन्ही प्रथिनं एकच आहेत! जे वाहिनीला वाढायला सांगतं तेच तिला गळायला लावतं. ओल्या एएमडीत वाढ आणि गळती हातात हात घालून का येतात, याचं उत्तर तिथं मिळालं. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

फेरारा यांच्या गटानं या प्रथिनाला पकडणारं प्रतिपिंड तयार केलं. त्यातून घडलेलं बेव्हॅसिझुमॅब हे औषध फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झालं. डोळ्यासाठी त्याच घराण्यातला छोटा तुकडा, रॅनिबिझुमॅब, घडवला जात होता. त्याला जून २००६ मध्ये मंजुरी मिळाली. चाचणीत वर्षअखेर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर तक्त्यावरच्या १५ अक्षरांइतकी घसरली नाही. खोटं इंजेक्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होतं. त्याहून मोठी गोष्ट, डोसप्रमाणे पाव ते एक तृतीयांश रुग्णांची नजर १५ किंवा अधिक अक्षरांनी सुधारली. या आजारात नजर सुधारते हे वाक्य तोवर कुणी उच्चारत नव्हतं.

दरम्यान २००५ मध्ये मायामीचे फिलिप रोझेनफेल्ड यांनी बाजारात असलेलं बेव्हॅसिझुमॅबच अगदी छोट्या मात्रेत डोळ्यात टोचून पाहिलं, आणि गुण आला. कर्करोगाच्या एका बाटलीतून डोळ्याचे कितीतरी डोस निघतात, त्यामुळं अमेरिकेत जिथं रॅनिबिझुमॅबच्या डोसला सुमारे २,००० डॉलर पडत, तिथं बेव्हॅसिझुमॅब ५० डॉलरच्या आसपास मिळू लागलं. २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या पैशातून झालेल्या तुलनेत नजरेच्या बाबतीत दोन्ही तुल्यबळ ठरली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये डोळ्यासाठीच्या बेव्हॅसिझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. आपल्यासारख्या देशात हजारो लोकांची नजर या एका गोष्टीमुळं टिकली. धोका आहे तो एक बाटली अनेक डोसांत वाटताना निर्जंतुकपणा सुटण्याचा. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये काही रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाल्यावर डोळ्यांसाठी हे औषध वापरू नये अशी सूचना देशभर निघाली होती. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी बाजू मांडल्यावर ती त्याच वर्षी मागं घेतली गेली. रॅनिबिझुमॅबची स्वस्त भारतीय आवृत्ती २०१५ मध्ये आली, आणि त्या औषधाची ती जगातली पहिली बायोसिमिलर. त्यानंतर अफ्लिबरसेप्ट, ब्रोल्युसिझुमॅब, फॅरिसिमॅब अशी नावं वाढत गेली. कुठलं औषध कुणाला, हा रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवायचा प्रश्न आहे. परवडणारं औषध वेळेवर घेणं हे महागडं औषध चुकवत घेण्यापेक्षा केव्हाही बरं, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगतो.

आता त्या 'कोर्स'कडं वळू. इंजेक्शन वाहिनी उपटून काढत नाही. डोळ्यात मोकळं फिरणारं व्हीईजीएफ ते पकडून ठेवतं, म्हणून गळती थांबते, पाणी ओसरतं, वाढ थबकते. काही आठवड्यांत औषध डोळ्यातून निघून जातं. थकलेल्या पेशी तशाच आहेत, त्यांची हाकही तशीच, आणि वाहिनी तिथंच बसलेली आहे. बऱ्याच डोळ्यांत ती पुन्हा गळू लागते. म्हणून पहिल्या तीन मासिक इंजेक्शनांनंतर डॉक्टर अंतर हळूहळू वाढवतात: सहा आठवडे, आठ, दहा, बारा. पाणी दिसलं तर अंतर पुन्हा कमी करतात. सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतल्या काही रुग्णांना सात-आठ वर्षांनी परत तपासलं तेव्हा साधारण एक तृतीयांश रुग्णांची नजर १५ किंवा अधिक अक्षरांनी घसरलेली आढळली. चाचणी संपल्यानंतर त्यांना मिळालेली इंजेक्शनं फारच थोडी होती.

हे अंतर ठरतं ओसीटी स्कॅनवर. १९९१ मध्ये पुढं आलेल्या या तंत्रात प्रकाशाच्या आधारे डोळ्याच्या पडद्याचा आडवा छेद संगणकावर दिसतो, डोळ्याला हात न लावता. हनुवटी टेकवायची, हिरव्या खुणेकडं बघायचं, काम काही सेकंदांचं. रुग्णानं हे चित्र स्वतः पाहावं, असा माझा आग्रह असतो. मॅक्युलाच्या मध्यावर एक सुबक खळगा असायला हवा. त्याजागी टेकाड आणि टेकाडाखाली काळी पोकळी दिसली, तर ती काळी जागा म्हणजे पाणी. इंजेक्शनाआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं, की सातवी शिकलेल्या आजींनाही पुढचं इंजेक्शन का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

डोळ्यात सुई म्हटल्यावर पोटात गोळा येतो, हे खरं आहे. म्हणून प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. आधी बधिर करणारे थेंब. मग पोव्हिडोन आयोडीन, तपकिरी रंगाचं. ते झोंबतं, आणि बरेच जण सांगतात की सगळ्या प्रकारात त्रास झाला तो याचाच. पापण्या उघड्या ठेवायला तारेचा चाप लावतात. सुई केसासारखी बारीक, ती बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून जाते, म्हणजे रुग्णाला ती समोरून येताना दिसत नाही. औषध एका मिलिलिटरचा विसावा भाग. दाबल्यासारखं वाटतं आणि संपतं. एखाद-दोन दिवस काळे ठिपके तरंगताना दिसू शकतात. जंतुसंसर्ग हजारो इंजेक्शनांत एखाद्यालाच होतो, पण झाला तर वेळ दवडता येत नाही: पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर उतरली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आजार लवकर सापडण्याच्या आड आपली एक सवय येते. म्हातारपणी कमी दिसायचंच, मोतीबिंदू असेल, नंबर बदलला असेल, दिवाळीनंतर बघू. शिवाय एक डोळा चांगला असला, की दुसऱ्याचा बिघाड तो झाकून टाकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळं ठीक दिसतं. म्हणून साठीनंतर प्रत्येकानं एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडं किंवा फरशीच्या रेघांकडं बघण्याची सवय ठेवावी. ज्यांच्या पडद्यावर ड्रुसेन सापडले आहेत, किंवा ज्यांचा एक डोळा आधीच गेला आहे, त्यांच्यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांची रेघांची चौकट पुस्तकाच्या शेवटी छापली आहे. चष्मा लावून, ती हातभर दूर नव्हे तर वाचायच्या अंतरावर धरून, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडं बघायचं. कुठं रेघ वाकली किंवा पुसली गेली, तर ती गोष्ट त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर घालावी. मोतीबिंदूत धूसर दिसतं, पण रेघ वाकत नाही.

एका गोष्टीविषयी मला मनापासून लिहायचं होतं, कारण तिच्याबद्दल घराघरांत मौन असतं. मधली नजर गेलेल्या काही वृद्धांना नसलेल्या गोष्टी दिसतात: भिंतीवर नक्षी, अंगणात मुलं, खुर्चीवर बसलेली अनोळखी बाई. ही बाई बोलत नाही, भीतीही दाखवत नाही. स्विस विद्वान शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अशा अनुभवांची नोंद केली, आणि त्यांच्याच नावानं हा प्रकार ओळखला जातो. डोळ्याकडून येणारी चित्रं तुटली, की मेंदू स्वतः चित्रं रंगवतो. हे वेड नव्हे, विस्मरणाचा आजार नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच. पण लोक काय म्हणतील या धाकानं म्हातारी माणसं ते गिळून बसतात, आणि कुणी बोललंच तर घरचे अंगारे-धुपारे करतात. आजीला नुसतं विचारावं, "तुला काही दिसतं का गं, जे आम्हाला दिसत नाही?" त्या एका प्रश्नानं चेहऱ्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलं आहे.

गोळ्यांविषयी थोडक्यात. जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या ठरावीक मिश्रणानं मध्यम टप्प्यावरच्या रुग्णांत आजार पुढं जाण्याचा धोका सुमारे पाव हिश्शानं कमी होतो, असं २००१ च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. २०१३ मध्ये त्यातलं बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन आणि झियाझँथिन घालणं योग्य ठरलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटीननं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ही गोळी आजार होऊ नये म्हणून सगळ्यांनी घ्यायची नाही, आणि ओल्या प्रकारात ती इंजेक्शनाची जागा घेत नाही.

पुस्तकाचा टाइप मुद्दाम मोठा ठेवला आहे. तरीही ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं. इंजेक्शनांचं प्रकरण तर दोघांनी मिळूनच वाचावं: ज्यांच्या डोळ्यात सुई जाणार आहे त्यांनी, आणि जे त्यांना दवाखान्यात घेऊन जाणार आहेत त्यांनी. उपचार मध्येच सुटतो तो पुष्कळदा मुलाला रजा मिळत नाही, सुनेची शाळा असते, तालुक्याहून शहरात यायला अख्खा दिवस मोडतो म्हणून. तेव्हा पुढच्या तारखा आधीच मागून घ्याव्यात आणि घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. त्या प्रकरणाच्या शेवटी तारीख, कोणता डोळा, कोणतं औषध आणि ओसीटीत पाणी होतं की नव्हतं, हे भरायला रकाने दिले आहेत. पुस्तक नेहमी जवळ नसलं तर तेवढं पान फाडून फायलीत लावायला हरकत नाही.